भिंतीवरचा मुका पडदा : कुलूप न तोडता पुन्हा कामाला

वडखळ नाका हा पूर्वीपासून वाटेवरचा बाजार. पनवेलकडून आलेला मुंबई-गोवा महामार्ग येथून पुढे कोकणात उतरतो आणि उजव्या हाताचा रस्ता धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला जातो. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि शनिवार-रविवारी अलिबागकडे येणाऱ्या मुंबईकरांची सोय झाली. बंगला आला की पडदे आले, गाद्यांची खोळ आली, सोफ्याचे कापड आले. आम्हा कापडवाल्यांचा संबंध तेवढाच. परंतु पडद्याचे माप घ्यायला घरात शिरलेला माणूस भिंतीही पाहतो, आणि अलीकडे या भिंतींवर एक नवी वस्तू आम्हाला वारंवार दिसू लागली आहे. ती म्हणजे काचेची काळी पाटी. बोट लावले की दिवे, पंखे, ए.सी., गेट, पडदे चालवणारी. यातल्या काही पाट्या मेलेल्या असतात.

मेलेल्या म्हणजे जळालेल्या नव्हेत. वीज असते, काच उजळते, कंपनीचे नाव येते, एक चक्र फिरत राहते आणि पुढे काही होत नाही. पाटी कोठेतरी दूर असलेल्या कंपनीच्या संगणकाला हाक मारत असते आणि तिकडून जबाब येत नसतो. कंपनी बुडालेली असते, विकली गेलेली असते, किंवा तिने तो माल सोडून दिलेला असतो.

आमच्या धंद्यात असे होत नाही. ताका विकला, पैसे मिळाले, सौदा पुरा झाला. उद्या गिरणीला टाळे लागले म्हणून गिऱ्हाइकाच्या अंगावरचा सदरा उसवत नाही. मुंबईच्या किती गिरण्या आमच्या डोळ्यांदेखत बंद झाल्या, त्यांच्या चादरी अजून घराघरांत धुतल्या जात आहेत. या पाटीचे तसे नाही. ती विकली जाते, पण तिचा जीव विकणाऱ्याच्याच मुठीत राहतो.

अमेरिकेत याची उदाहरणे आधी घडली. रिव्हॉल्व्ह नावाच्या कंपनीचे घरातील उपकरणे जोडणारे यंत्र २९९ डॉलरला मिळत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या नेस्ट कंपनीने ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा बंद केली. लोकांच्या घरात सुस्थितीत असलेली यंत्रे त्या दिवशी निकामी झाली. विंक या कंपनीची ‘रिले’ नावाची पाटी तर नेमकी भिंतीतलीच. २०१४ साली ती सुमारे ३०० डॉलरला आली. लहानसा स्पर्शपडदा, बाजूला दोन बटणे, आत तापमान व दमटपणा मोजण्याची सोय आणि जुन्या बटणाच्या जागी बसणारी दोन रिले. विंकची मूळ कंपनी क्वर्की सप्टेंबर २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. विंक आधी फ्लेक्सट्रॉनिक्सकडे आणि २०१७ मध्ये आणखी एका कंपनीकडे गेली. मे २०२० मध्ये गिऱ्हाइकांना नोटीस आली की दरमहा ४.९९ डॉलर भरा, नाहीतर सेवा थांबेल. मुदत आठवड्याची. ओरड झाल्यावर मुदत वाढवली, पण ज्याने वस्तू रोख घेतली होती त्याला भाडेकरू व्हावे लागले.

एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीने तर सूचनाही न देता आपले संगणक बंद केले. मात्र तिच्या भिंतीतल्या बटणांना आपसांत बोलण्यासाठी कंपनीच्या संगणकाची गरज नव्हती, त्यामुळे ज्यांनी घरातच आपला छोटा संगणक ठेवला होता त्यांचे दिवे लागत राहिले. जूनमध्ये त्या कंपनीच्या काही गिऱ्हाइकांनीच मिळून ती विकत घेतली, ही गोष्ट वेगळी. आमच्या कामाची गोष्ट एवढीच, की डोके घरात असले तर घर चालते.

आता वडखळच्या बाजूची हकीकत. अलिबाग रस्त्याला लागून असलेल्या एका बंगल्याचे काम आमच्याकडे आले. बंगला दुसऱ्या मालकाने घेतलेला. नऊ खिडक्यांचे माप झाले, कापड पसंत झाले, विसार आला. त्यातल्या चार खिडक्यांना मोटारीवर सरकणारे पडदे होते आणि त्या मोटारी हॉलमधल्या अशाच एका मेलेल्या पाटीवर चालत. कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही. मालकाने वायरमनला सांगितले होते की ही पाटी उखडा, मोटारी काढा, साधी बटणे लावा आणि पडदे हाताने ओढायचे करा. म्हणजे पाटी भंगारात, चार मोटारी भंगारात, भिंतीतला दगड कापून पुन्हा लांबी आणि रंग. आमच्या दृष्टीने आणखी एक अडचण होती. मोटारीच्या रुळाची चुण्यांची पद्धत वेगळी असते आणि हाताच्या दांडीची वेगळी. कापड त्या हिशेबाने कापायचे होते. पन्हा मोठा, कापड महाग, एकदा कात्री लागली की परत जोडता येत नाही. म्हणून आम्ही मालकाला चार दिवस थांबण्याची विनंती केली आणि पेणला मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या आमच्या भाच्याला घेऊन गेलो.

त्याने पाटी पाहून पहिलीच गोष्ट सांगितली की ही दुसरे काही नसून भिंतीत बसवलेला अँड्रॉइड टॅबलेट आहे. मालकाचा मुलगा म्हणाला, मग ‘रूट’ करून टाका. भाच्याने मान हलवली.

रूट म्हणजे काय ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अँड्रॉइड ही लिनक्स नावाच्या व्यवस्थेवर उभी आहे. त्यात ‘रूट’ हा घराचा सर्वाधिकारी. तो काहीही बदलू शकतो, काहीही पुसू शकतो. कंपनी हा अधिकार गिऱ्हाइकाला देत नाही. तो मिळवायचा तर आतले कुलूप तोडावे लागते. मोबाइलच्या प्रसिद्ध नमुन्यांसाठी त्याच्या रीती लोकांना माहीत आहेत. परंतु बुडालेल्या कंपनीच्या भिंतीतल्या पाटीसाठी मूळ प्रणालीची प्रत कोणाकडेच नसते. एक पायरी चुकली की पाटी खरोखरच मरते आणि तिला उठवणारा कोणी उरत नाही. शिवाय कुलूप तुटलेले यंत्र पुढे दुसऱ्याही चोराला मोकळे असते. भाच्याचे म्हणणे असे की आपल्याला पाटीकडून फक्त तीन गोष्टी हव्यात, काच, बोटाचा स्पर्श आणि वायफाय. या तीन गोष्टी कुलूप न तोडता मिळत असतील तर तोडायचे कशाला? आम्हाला हे पटले. दुसऱ्याच्या वस्तूवर काम करणाऱ्या कारागिराने ती वस्तू परत जागेवर आणता येईल अशाच रीतीने हात लावावा.

आधी वीज

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी मोबाइलपेक्षा येथे वेगळेपणा आहे हे ध्यानात घ्यावे. पाटीच्या मागे कधी २३० व्होल्टची वीज थेट येते, कधी १२ किंवा २४ व्होल्टचा डी.सी., तर कधी नेटवर्कच्या वायरीतूनच वीज दिलेली असते. एम.सी.बी. पाडून, टेस्टरने खात्री करून, परवानाधारक वायरमनच्या हातूनच पाटी उतरवावी. मोबाइलवाल्याने वायरमन होऊ नये आणि वायरमनने मोबाइलवाला. दोघांनी मिळून काम घ्यावे. दुसरे असे की मागचे लेबल वाचावे. आखातातून आणलेला माल बहुधा २२० ते २४० व्होल्टचा असतो, तो येथे चालतो. अमेरिकेतून कोणी नातलगाने पाठवलेल्या पाटीवर १२० व्होल्ट लिहिलेले असेल तर ती आपल्या विजेवर क्षणात जळेल. आपल्याकडे खाडीची हवा खारी. पितळी टोकांवर हिरवट थर चढलेला असतो. तो स्वच्छ करूनच वायर परत घट्ट करावी. आत बॅटरी असेल तर ती फुगली आहे का पाहावे, कारण वर्षानुवर्षे चार्जिंगवर राहिलेल्या लिथियम बॅटरीला ही खोड असते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, तशीच बाजूला काढावी.

आणखी एक इशारा. पाटी अडली की मोबाइलच्या सवयीने पुष्कळजण ‘फॅक्टरी रिसेट’ करतात. ही घाई नको. रिसेट झालेली पाटी कित्येकदा प्रथम कंपनीकडे नावनोंदणी मागते, आणि नोंदणी घेणारी कंपनीच नसते. मग आतल्या सेटिंगपर्यंत पोहोचण्याची जी फट होती तीही बंद होते.

फट शोधणे

भाच्याने काय केले ते क्रमाने सांगतो, कारण इतर ठिकाणीही साधारण हाच मार्ग आहे. वरच्या कडेवरून बोट खाली ओढून पाहिले. काही पाट्यांत तेवढ्याने सेटिंगचे दाते असलेले चिन्ह दिसते. येथे दिसले नाही. मग यू.एस.बी.च्या छिद्रात ओटीजी वायर लावून साधा कीबोर्ड जोडला. कीबोर्डवरून कंपनीचा पडदा बाजूला सारता आला आणि मागे अँड्रॉइडची सेटिंग उघडली. तेथे ‘अबाउट’मध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट मारले की ‘डेव्हलपर’ नावाचा कप्पा उघडतो. ही चोरवाट नव्हे, अँड्रॉइडने स्वतः ठेवलेला दरवाजा आहे. त्यात यू.एस.बी. डीबगिंग चालू केले, लॅपटॉप जोडला, पाटीवर ‘या संगणकाला परवानगी द्यायची का’ असा प्रश्न आला, हो म्हटले. आता लॅपटॉपवरून ए.डी.बी. या फुकट मिळणाऱ्या साधनाने पाटीला हुकूम देता येतात. सर्वाधिकाऱ्याचे नव्हेत, घरच्या माणसाचे. आपल्याला तेवढेच पुरे.

कंपनीचे जे ॲप सुरू होताच पडदा अडवून बसत होते ते भाच्याने पुसले नाही, फक्त त्या वापरकर्त्यापुरते निजवले. ए.डी.बी.मध्ये त्यासाठी हुकूम आहे आणि उलटा हुकूम देऊन ते परत जागेही करता येते. त्याच्या जागी फुल्ली किऑस्क हा ब्राउझर बसवून तोच ‘घर’ म्हणून नेमला. हा ब्राउझर एकच पान पूर्ण पडद्यावर दाखवतो, पत्त्याची पट्टी दिसत नाही, पाहुण्याच्या मुलाने बोटे नाचवली तरी बाहेर पडता येत नाही. अँड्रॉइड ५ पासून पुढे तो चालतो. पाटी त्याहून जुनी असेल तर असे ॲप मिळणे कठीण जाते.

जुनेपणाची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पाटीतला ब्राउझर जुना असतो आणि आजची वेबसाइट त्याला ओळखत नाही. क्रोमने अँड्रॉइड ५, ६ आणि ७ यांना एकेक करून सोडून दिले आहे. त्यात भर म्हणजे वेबसाइटची ओळख पटवणारी जी प्रमाणपत्रे असतात, त्यातले एक मोठे मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले. जगातल्या असंख्य वेबसाइटना फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइडसाठी तात्पुरती तजवीज केली होती, ती २०२४ मध्ये संपली. म्हणजे तेव्हापासून जुनी पाटी अशा अनेक वेबसाइटवर गेली की ‘सुरक्षित नाही’ म्हणून हटून बसते. पाटीचे घड्याळ चुकले असेल तर नवी पाटीही हेच करते. लोकांना वाटते पडदा बिघडला. पडदा चांगला असतो, दाखले जुने झालेले असतात.

म्हणून या पाटीला बाहेरच्या जगात पाठवायचेच नाही. घरातलेच पान दाखवायचे.

त्यासाठी मीटरच्या कपाटाजवळ रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा छोटा संगणक ठेवला. इंग्लंडचा हा संगणक २०१२ पासून बाजारात आहे. त्यावर होम असिस्टंट ही फुकट प्रणाली घातली. पाउलस स्काउटसेन या गृहस्थांनी ती २०१३ मध्ये सुरू केली आणि २०२४ पासून ती ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या ताब्यात आहे, म्हणजे उद्या कोणी पैसेवाला येऊन ती विकत घेऊन बंद करील ही भीती कमी. हिचे सर्व काम घरातल्या राउटरपुरते चालते. इंटरनेट गेले, जे आपल्याकडे पावसाळ्यात जातेच, तरी दिवा लागतो. जुन्या पाटीवर होम असिस्टंटचे नेहमीचे चकचकीत पान उघडेना, तेव्हा भाच्याने सहा मोठ्या बटणांचे एक साधे पान स्वतः लिहिले. चार पडद्यांची चार बटणे, एक हॉलच्या दिव्यांचे, एक गेटचे. मालकाला प्रथम ते साधे वाटले. त्यांच्या आईने चष्मा न लावता पडदा उघडला तेव्हा तक्रार संपली.

मोटारींचा भाग वायरमनने केला. या मोटारींना ‘उघड’ आणि ‘बंद’ अशा दोन वेगळ्या वायरी होत्या. कंपनीचे जुने पेटी-यंत्र काढून घरच्या जाळ्यावरच चालणारी दोन-दोन रिले बसवली. येथे वायरमन बंधूंनी नीट लक्ष द्यावे. दोन्ही वायरींना एकाच वेळी वीज मिळाली तर मोटार जळते. एक चालू असता दुसरी लागूच नये, अशी अडवणूक रिलेमध्येच करावी, केवळ पडद्यावरच्या पानावर विसंबू नये. आणि प्रत्येक खिडकीजवळ एक साधे बटण ठेवावे. पाटी, राउटर, छोटा संगणक, सगळे झोपले तरी हाताने पडदा सरकला पाहिजे.

कापड आम्ही मोटारीच्या मापानेच कापले. नऊ खिडक्यांपैकी एकाही खिडकीचे कापड बदलावे लागले नाही.

दुकानात

बंगलेवाल्यांचे सोडा, आपल्या दुकानातही अशी पाटी उपयोगी पडते. भंगारवाल्याकडे किंवा बंगल्याच्या दुरुस्तीतून निघालेली पाटी स्वस्तात मिळते. आमच्या गादीमागे आता एक लावली आहे. तिच्यावर त्या दिवसाचे भाव, कोणत्या ताक्यात किती मीटर शिल्लक आणि पन्हा व लांबी टाकली की एकूण कापड किती लागेल याचा हिशेब दिसतो. शिवणकामाचे दुकान असेल तर कोणाचे कपडे कधी द्यायचे त्याची यादी लावावी, निदान ईदच्या आधल्या आठवड्यात तरी भांडणे कमी होतील. धरमतरच्या बाजूला होडीचा धंदा असणाऱ्या कोणाला भरती-ओहोटीच्या वर्षभराच्या वेळा एकदाच भरून ठेवता येतील. त्याला इंटरनेट लागत नाही. गिऱ्हाइकांच्या उधारीची यादी मात्र दर्शनी पाटीवर ठेवू नये, तिला वहीच बरी.

दोन सावधगिऱ्या. पाटीत माइक असतो, कधी कॅमेराही. ज्या कंपनीने सोडून दिले तिच्याकडून सुरक्षेची दुरुस्ती येत नाही. म्हणून राउटरमध्ये या पाटीला बाहेरचा रस्ता बंद करावा, फक्त घरातल्या छोट्या संगणकाशी बोलू द्यावे, माइकची परवानगी काढावी, कॅमेऱ्यावर काळी पट्टी लावावी. बंगलेवाला हे विचारीत नाही, पण त्याच्या घरातली बोलणी बाहेर जाणार नाहीत हे पाहणे कारागिराचे काम आहे. दुसरे म्हणजे राउटरमध्ये पाटीचा व छोट्या संगणकाचा पत्ता कायम बांधून ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो, पाटी पुन्हा चक्र फिरवीत बसते आणि गिऱ्हाईक समजते की काम कच्चे केले.

सर्वच पाट्या उघडतात असे नाही. काही कंपन्या डेव्हलपरचा कप्पाच काढून टाकतात, यू.एस.बी.चे छिद्र फक्त विजेपुरते ठेवतात. काही पाट्यांत अँड्रॉइड नसतेच. अशा ठिकाणी भाचा तासाभरात हात जोडतो. म्हणून आधी पाहणी, तिचे वेगळे पैसे ठरवून, आणि मग पुढच्या कामाचा बोल. पाहणीत नाही म्हणावे लागले तरी पाहणीचे पैसे घ्यावेत, कारण तेथेही मेहनत आणि इल्म लागला आहे. न उघडणारी पाटी कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच ती जावी.

कायद्याचे वारे दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूने थोडे वळले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे, मोटारगाड्या आणि शेतीची अवजारे हे त्यात धरलेले चार विभाग. परंतु पोर्टलवर माहिती देणारी कंपनी जिवंत असावी लागते. बुडालेल्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला त्यातून काय मिळणार, हा प्रश्न आम्हाला तरी सुटलेला दिसत नाही.

वडखळ, पेण, रोहा या बाजूला मोबाइल दुरुस्ती आणि वायरमनकी करणारी आपली मुले पुष्कळ आहेत. मुंबईहून तंत्रज्ञ बोलवायचा तर बंगलेवाल्याला एक दिवस आणि महामार्गावरचा खोळंबा दोन्ही मोजावे लागतात. एक मोबाइलवाला आणि एक वायरमन अशी जोडी जमली तर हे काम येथल्या येथे होऊ शकते. आमच्या भाच्याने त्या बंगल्यात काम संपवताना मीटरच्या कपाटात एक पाकीट ठेवले आहे. त्यात छोट्या संगणकाचा पासवर्ड, कोणते ॲप निजवले त्याचे नाव, ते जागे करण्याचा हुकूम, कोणत्या रिलेला कोणती मोटार त्याचा हाताने काढलेला नकाशा आणि सगळ्या प्रणालीची प्रत असलेले एक मेमरी कार्ड आहे. पाकिटावर त्याचे नाव किंवा नंबर नाही. उद्या मालकाने दुसरा कोणी कारागीर बोलावला तरी त्याला पाकीट उघडून काम पुढे नेता यावे, असे तो म्हणाला.